माझी चूल थंड होती

एका टेम्पोत गाय चढवली आणि दुसऱ्या टेम्पोत आम्ही चढलो. गायीचा टेम्पो घोडेगावच्या बाजाराला, आमचा नगरला. फाट्यापर्यंत दोन्ही गाड्या मागंपुढं चालल्या होत्या. गाय माझ्याकडं तोंड करून उभी होती आणि मी तिच्याकडं बघायचं टाळत होते. मुलाच्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये गाय कुठं बांधणार? फाटा आला, ती एकीकडं गेली, आम्ही दुसरीकडं.

सामान म्हणाल तर पाटा-वरवंटा, लोखंडी कॉटचा सांगाडा, काळेठिक्कर पडलेले दोन हंडे आणि लोकांनी दिलेल्या साड्या. जळालेल्या घरातून दगड आणि लोखंडच निघतं, बाकी काही निघत नाही. निरोपाला सगळी वस्ती जमली होती. शेजारची हौसा पदरात तोंड घालून रडत होती. आणि टेम्पोच्या फाळक्याला दोर कोण बांधत होतं? दत्तू भाऊजी! माझे चुलत दीर. दोर करकचून आवळला आणि वर मला म्हणाले, "वहिनी, काय लागलं तर हक्कानं सांगा. परकं समजू नका." मी दात दाबून गप्प बसले. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर टेम्पो जागचा हलला नसता.

बायांनो, हे मी तुम्हाला लिहितेय. वस्तीवर राहिलेल्या तुम्हाला, आणि माझ्यासारख्या शहरात येऊन पडलेल्यांनाही. सून म्हणाली, आई, लिहून काढा, मन हलकं होईल. मला मन हलकं करायचं नाही. माझ्या मनात जे आहे ते वजनदार आहे आणि ते तसंच राहू दे. पण घडलं कसं, ते माझ्या तोंडून एकदा सरळ येऊ दे. आजवर सगळ्यांनी ते आपापल्या सोयीनं सांगितलंय.

माझ्या दारात काय नव्हतं? पिवळी शेवंती, पांढरी शेवंती, निशिगंध, अबोली, मोगरा, गावठी गुलाब, कमानीवर जाई. डोंगराच्या पायथ्याची आमची मुरमाड जमीन, पण धुण्याभांड्याच्या पाण्यावर मी ती बाग धरली होती. रानात झेंडू असायचा, तो शिर्डीच्या टेम्पोत जायचा, तो धंदा. दारातली फुलं मात्र विकायची नाहीत, हा आमच्या वस्तीचा रिवाज. दारातली फुलं द्यायची. कुणाचं लग्न असो, बारसं असो, मयत असो, ज्याच्या दारात जे फुललंय ते त्यानं न मागता न्यायचं. लग्नाचे हार तर वस्तीवरच्या बायांनीच गुंफायचे. विकतचा हार घालून पोरगी बोहल्यावर उभी राहिली तर ती नांदत नाही, असं म्हाताऱ्या सांगायच्या.

आणि ही सगळी रोपं मूळची कुणाची? मी बढाई मारत नाही, पण माझीच. लग्न होऊन आले तेव्हा वस्तीवर एक कण्हेर आणि एक तुळस होती. माहेराहून मी पदरात शेवंतीचे मुनवे, बुडाशी फुटलेली पिल्लं, बांधून आणले. आई म्हणाली होती, "झाड देताना हात आखडू नको. दिलेलं झाड वाया जात न्हाई." मी दिलं. हौसाला दिलं, खालच्या वस्तीला दिलं, मळ्यातल्या बायांना दिलं. माझ्या जावेला, दत्तू भाऊजींच्या सिंधूला, तर वाफा करून दिला. पाऊस लागला की आम्ही आठ-दहा जणी रोपं घेऊन एकमेकींच्या दारात फिरायचो. गडीमाणसं हसायची, म्हणायची, निघाल्या माळणी.

आता त्या दिवसाचं सांगते. फाल्गुन चाललेला. डोंगरावरचं गवत वाळून कडकडीत झालेलं. भाऊजींच्या कोमलला बघायला दुपारून पाहुणे येणार होते. सकाळी भाऊजी आमच्या मालकांना म्हणाले, "दादा, बांधावर लई रान माजलंय. पाहुण्यांनी पाहिलं तर म्हनतील, आळशी मान्सं हायेत. पेटवून घेतो." मालक म्हणाले, "आज वारं हाय दत्तू. उद्या पहाटं घे." एवढं बोलून आम्ही दोघं शेवगावला बाजाराला गेलो. एसटी चुकेल म्हणून त्या दिवशी न्हाणीची चूलसुद्धा पेटवली नव्हती. मालकांनी गार पाण्यानं आंघोळ केली आणि शेवगाव येईपर्यंत त्यावरून कुरकुर केली.

बांध पेटवायची पद्धत असते. बांधाच्या दोन्ही अंगांनी खुरप्यानं पट्टा काढायचा, माती दिसली पाहिजे. पहाटे दव असताना, वारं पडलेलं असताना काडी लावायची. चार माणसं ओली पोती आणि लिंबाचे डहाळे घेऊन उभी करायची. शेजाऱ्याला आधी सांगायचं. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. भाऊजींनी काय केलं? ऐन दुपारी, सुटलेल्या वाऱ्यात, पट्टा न काढता काडी लावली आणि पाहुणे यायच्या आत आंघोळ करायला घरात गेले. अंगाला साबण लावत होते तेव्हा माझी कडब्याची गंज पेटली होती.

गंजीवरून छप्पर, छपरावरून घर. एकीकडून डोंगर पेटला, दुसरीकडून बाग. आम्ही एसटीतून उतरलो तर वस्तीच्या दिशेनं धूर. मी चपला तिथंच टाकून पळाले. पोचले तेव्हा पत्रे वाकलेले, आणि जाईच्या जागी कमानीची नुसती तार. बी-बियाणं मी मडक्यात राख घालून ठेवायचे, कीड लागू नये म्हणून. मडकी फुटून त्यातली राख आणि घराची राख एक झाली होती. गाय तेवढी जिवंत होती. हौसानं विळ्यानं दावं कापून ती सोडली होती, त्यात तिचा हात मनगटापर्यंत भाजला. त्याच भाजल्या हातानं मला धरून ती कानात म्हणाली, "दत्तूनं पेटवला गं बाई बांध. म्या पाहिलं. पेटवला अन् आंघुळीला गेला."

पाहुणे आले ते आगीतच आले. एवढा धूर बघून त्यांनी विचारलं, काय झालं? आणि दत्तू भाऊजी, भांग पाडलेले, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले, सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनीची चूल. बाईमानूस, इंगळ तसाच सोडून बाजारला गेली." पोरीची सोयरीक मोडू नये म्हणून माझ्या गळ्यात आग बांधली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला तलाठी आला. त्यानं हौसाला विचारलं. मी तिच्या तोंडाकडं बघत उभी. हौसानं भाजलेला हात पदराआड घेतला आणि म्हणाली, "म्या पाहिलं न्हाई." बाकीच्या तुम्ही सगळ्या मूग गिळून उभ्या होत्या. नंतर मी हौसाला गाठलं तर म्हणते, "माझं पानी त्याच्या हिरीवरून येतं शकू. पान्यात राहून माशाशी वैर कसं करू?" आणि आमच्या मालकांचं एकच पालुपद, "जाऊ दे, भावकी हाय." जाऊ दे, जाऊ दे करत घर गेलं, बाग गेली, गाय गेली. आता काय मला जाऊ देताय?

म्हणून नगरला आलो. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण कंडक्टर अजून नगरच ओरडतो. मुलगा नितीन एमआयडीसीत आहे, त्याचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, बाल्कनीत सकाळचं जरा ऊन येतं. वस्तीवर मी उठले की दारात जायची. इथं उठून कुठं जायचं? बाल्कनीत जाऊन समोरच्या सोसायटीच्या बाल्कनीतले ओले टॉवेल बघायचे. पायाला माती लागत नाही म्हणून माझ्या टाचा मऊ पडल्या. सून म्हणाली, किती छान. मला त्या टाचांची लाज वाटायची.

ते सगळं मी सोसलं असतं. पण एक गोष्ट सोसवेना. माझी सून गुणाची आहे, तिच्याविषयी वाईट बोलणार नाही. पण मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की ती हळूच आत जायची आणि गॅसची कळ बघून यायची. रोज. तिला वाटायचं मला कळत नाही. खालच्या मजल्यावरची एक बाई लिफ्टमध्ये दुसरीला म्हणाली, "ह्या त्या मावशी, चुलीमुळं घर जळालं ना, त्या." आमच्याच भावकीतल्या कुणीतरी ते इथवर पोचवलं होतं. घर जळालं ते एकदा. मला मात्र रोज जाळत होते. मी ठरवलं, घर परत नको, भरपाई नको, पण ज्या तोंडानं माझी चूल पेटवली त्याच तोंडानं ती विझवली पाहिजे. चार लोकांत.

आषाढात तुम्ही सगळ्या आलात. आठवतंय ना? दार उघडलं तर जिन्यात तुम्ही, हातात पिशव्या, पिशव्यांत ओल्या फडक्यात गुंडाळलेली रोपं. माझीच शेवंती, माझाच निशिगंध, माझ्याच मोगऱ्याच्या काड्या. हौसा म्हणाली, "तुझंच हाय गं, तुलाच आनलं." मला रडू फुटलं. जाईचा कोंब बघितला तेव्हा तर मी तो गालाला लावला. ती माया खोटी नव्हती, मी तसं म्हणणार नाही. पण चहा पिताना मी विचारलं, "तलाठ्याला कोण सांगणार?" तर एकजात सगळ्यांच्या नजरा बशीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मला रोपं नको होती बायांनो, म्हणजे हवी होती, पण आधी दुसरं काहीतरी हवं होतं. तुम्ही पिशव्या भरून आणल्या आणि जीभ तेवढी घरी विसरून आलात.

रोपं लावायला मला कुंड्याही नव्हत्या. वरच्या मजल्यावरच्या झरीना भाभींनी रंगाच्या रिकाम्या बादल्या दिल्या. त्यांची गच्चीवर बाग आहे, आणि त्यांचा बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुपही आहे, त्यात कोकोपीट, ग्रो बॅग, कसलं कसलं लिक्विड यावर दिवसभर चर्चा चालते. मला आधी हसू यायचं. नारळाच्या भुशात झाड लावतात म्हणे! पण त्या बायकांनी मला गच्चीचा एक कोपरा दिला. भाभींनी पहिल्याच दिवशी मला सरळ विचारलं, "मावशी, आग लावली कुणी?" वस्तीवर कुणीच विचारलं नव्हतं, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मी सांगितलं. त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "झाडं सगळ्यांनी दिली, साक्ष कुणीच दिली नाही? मग तुम्ही गप्प का?" त्यांच्या त्या प्रश्नानं मी पार पेटून उठले.

कार्तिकात दत्तू भाऊजी पत्रिका घेऊन आले. सोबत पेढे. सोफ्यावर बसून म्हणतात, "वहिनी, कोमलचं लगीन तुमच्याबिगर व्हायचं न्हाई. हार तुमच्याच हातचे पायजेत." मालक आनंदले, त्यांना वाटलं भावकी सांधली. मी पेढा घेतला. म्हटलं, "येते की. हार मीच करते." भाऊजी खुश होऊन लिफ्टनं खाली गेले. मी पेढा बाल्कनीतल्या कावळ्याला घातला.

मार्गशीर्षातलं लग्न. मी आदल्या दिवशीच आले आणि हौसाकडं उतरले. सकाळी भाऊजींच्या दारातल्या लिंबाखाली तुम्ही टोपल्या घेऊन बसलात. काय फुलली होती शेवंती! पिवळी धमक. मी सुईत दोरा ओवला आणि तसाच हातात धरून म्हणाले, "बायांनो, ह्या टोपल्यांत जे हाय ते कुणाच्या वाफ्यातलं?" शेवटी मळ्यातली पारू म्हणाली, "तुझ्याच की." मी म्हटलं, "मग आज मी ते मागून घेते. दत्तूनं माइकवर खरं सांगितल्याबिगर ह्यातलं एक फूल ओवायचं न्हाई. ज्यांना ओवायचं त्यांनी ओवा. पन मग माझ्या दारी रोपं घेऊन पुन्हा येऊ नका." सुया थांबल्या. हौसा किती तरी वेळ हातातल्या फुलाकडं बघत होती. मग तिनं सुई काढली आणि पदराला टोचून ठेवली. तिच्यामागून एकेकीनं ठेवली.

वऱ्हाड आलं. डीजे वाजला, मानपानाचे टोप्या-टॉवेल झाले, आणि माइकवाला सुरू झाला. आमच्याकडच्या लग्नातला माइकवाला तुम्हाला ठाऊक आहे. सरपंच आले, सोसायटीचे चेअरमन आले, अमुक साहेब आत्ताच मांडवात येत आहेत. सगळ्यांची नावं घेऊन झाली तरी हार येईनात. भाऊजी घाम पुसत आले. "वहिनी, हार?"

मी म्हटलं, "फुलं तयार हायेत. तोंड तयार हाय का?"

त्यांना कळलं. मग म्हणाले, "झालं माझ्याकडनं. कबूल. आता द्या."

"मला कशाला सांगता? मला ठाऊकच हाय. माइकवर सांगा."

ते तावातावानं म्हणाले, शेवगावहून गाडी पाठवून हार आणतो. तर त्यांची स्वतःची आई, आमच्या चुलत सासूबाई, खाटेवरून म्हणाल्या, "आजवर या वस्तीची पोर इकतच्या हारात उभी न्हाई राहिली, दत्तू. काय सांगायचं ते सांग एकदा." म्हातारीलाही ठाऊक होतं की काय कोण जाणे.

मग कोमल आली. हळद लागलेली, शालू नेसलेली. पोर माझ्या हाताखाली वाढली, तिला फुलं ओवायला मीच शिकवलं. म्हणाली, "काकू, आजच का?" पण मी म्हटलं, "आजच. ज्या पाहुन्यांसमोर त्यांनी माझं नाव घेतलं ते सगळे आज इथंच बसलेत." ती शालू सावरत आत गेली.

भाऊजींनी माइक घेतला. आधी खाकरले. म्हणाले, "आपल्या वस्तीवर मागं आग लागली. ती दैवी घटना होती..." तेवढ्यात लिंबाखालून आवाज आला, "दैवी न्हाई! तुमच्या काडीची!" हौसा उभी होती. भाजलेला हात वर करून उभी होती. "म्या पाहिलं. तवा बोलले न्हाई, आता बोलते." तिच्या बाजूला पारू उभी राहिली. मग तुम्ही सगळ्या.

भाऊजींनी मान खाली घातली. माइक तोंडाला लागून घरघरत होता. म्हणाले, "बांध म्या पेटवला. पट्टा काढला न्हवता. पाहुने यायचे म्हनून घाई केली. वहिनीची चूल थंड हुती." आणि रडले. मला दया आली का? खरं सांगते, नाही आली. मला गोड लागलं. माइकवालासुद्धा गप्प होता, तेवढं तर अजून गोड लागलं.

कोमलचा सासरा पुढच्या खुर्चीवर बसला होता. सरळ माणूस. तो उठला, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "अहो, बांध बघायला कोन आल्तं? आमी पोरगी बघायला आल्तो! बांधाकडं तर आमी पाहिलंबी न्हाई." मग त्यानंच भाऊजींना बजावलं, इथून पुढं काडी लावायच्या आधी वहिनींना विचारायचं. आणि मला हात जोडून म्हणाला, "ताई, आता हार द्या." मी सुई चालवली. आम्ही सगळ्यांनी मिळून दोन हार असे भरगच्च केले की नवऱ्या मुलाची मान वाकली.

घर जळालेलं मला तेव्हा पहिल्यांदा जरा मागं पडल्यासारखं वाटलं. संध्याकाळी नगरला परतले. नितीननं आधीच कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला होता. सुनेनं त्या दिवसापासून गॅसची कळ बघणं सोडलं. आमचे मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मीबी सांगितलं हुतं त्याला, वारं हाय म्हनून." मी म्हटलं, "मग तवाच ओरडून सांगायचं हुतं."

पण फुकट काहीच मिळत नाही. कोमल माझ्याशी बोलत नाही. संक्रांतीलासुद्धा नाही. तिचा तिळगूळ आला नाही ते मला लागलं, फार लागलं. आणि भाऊजींनी आठवड्याच्या आत हौसाचा पाइप तोडला. तिनं फोन करून सांगितलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या जळक्या जागेवर बोअर आहे, मोटर शाबूत आहे. नितीनला घेऊन मी गेले आणि माझ्या बोअरचा पाइप हौसाच्या दारापर्यंत टाकून दिला. आता हौसा कुणाच्या पाण्यात राहत नाही. त्या पाण्यावर तुम्ही माझे वाफे पुन्हा धरलेत ते मी पाहिलं. कुणी मला विचारून लावलं नाही, तेही बरं केलंत.

लोक म्हणतात, मग परत या की वस्तीवर. घर बांधा. मला इच्छा होते, नाही असं नाही. पण मालकांना आता दवाखाना जवळ लागतो, आणि खरं सांगायचं तर मला त्या गच्चीची सवय झालीये. झरीना भाभींच्या ग्रुपात मीच आता सगळ्यांना शेवंतीचे मुनवे वाटते. कुणी विचारलं, मावशी, तुमचं घर कुठं, तर मी सावेडी सांगते आणि सांगताना जीभ अडते. तुम्हा बाहेर पडलेल्यांना हे कळेल. आपण दोन ठिकाणी राहतो आणि दोन्ही ठिकाणी पाहुणे.

या फाल्गुनात भाऊजींचा फोन आला. "वहिनी, बांधावर रान वाढलंय. पेटवायचं हाय. इचारून घ्यावं म्हनलं."

"मी येईपर्यंत काडीला हात लावू नका," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पहिली एसटी पकडली.

माझ्या घराचं जोतं तेवढं शिल्लक आहे. दगडी आहे, त्याला काय होतंय? त्याच्यावर जाऊन मी बसले. तिथून बांध सगळा दिसतो. भाऊजी काडेपेटी घेऊन आले. मी म्हटलं, "आधी पट्टा काढा." ते म्हणाले, "गडी बोलावतो." म्हटलं, "गडी नको. तुमी काढा." ते खुरपं आणून बसले. ऊन चढलं. एका अंगानं काढत गेले, दुसऱ्या अंगानं काढत आले. मी बसल्या जागेवरून सांगत होते, "ते कुसळ राहिलं भाऊजी. वरवर नका ओढू, मुळातून काढा. मधलं झुडूपबी घ्या." हौसा दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. सिंधू लांबून बघत होती, तीही आली नाही थांबवायला.

ऐन दुपारी भाऊजी उठले. शर्ट पाठीला चिकटलेला, गुडघे मातीनं भरलेले. बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत साफ. खिशातून काडेपेटी काढून म्हणाले, "आता लावू का वहिनी?"

मी म्हटलं, "कशाला? निघालं की सगळं."

त्यांनी बांधाकडं बघितलं, काडेपेटीकडं बघितलं, आणि ती परत खिशात ठेवली. तेवढ्यात हौसा चहा घेऊन आली. तुम्ही विचारता ना, घर म्हणजे काय राहिलं आता? भिंत नाही, छप्पर नाही, पण त्या जोत्यावर कुणाला बसा म्हणायचं आणि कुणाला नाही हे मी ठरवते. मी मांडी घालून निवांत चहा प्याले, हौसाला शेजारी बसवून घेतलं. भाऊजींनी त्यांचा चहा उन्हात, उभ्यानं घेतला.